नंबर चष्म्याने नव्हे, डोळा लांबल्याने वाढतो

गोराईच्या सोसायट्यांमधून एक गृहस्थ आईबापांना सांगत फिरतात: चष्म्याने डोळा आळशी होऊन नंबर चढतो. मुलाला कमी नंबरचा चष्मा द्या, गाजर खाऊ घाला, बुबुळं फिरवून घ्या. अठराव्या वर्षी लेसर केलं की संपलं. या सल्ल्याची मला चीड आहे, कारण त्याची किंमत मुलं मोजतात.

गाजराचा वाद जुनाच. 'अ' जीवनसत्त्व रातांधळेपणा टाळतं, मायनस नंबर रोखत नाही. कमी नंबरच्या चष्म्याचं म्हणाल, तर मलेशियात झालेल्या, २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा चष्मा लावणाऱ्या मुलांचा नंबर अधिक वेगाने वाढला.

पण खरा घात लेसरच्या आश्वासनात आहे. जन्मतः डोळ्याची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, मोठेपणी २३-२४. मायनस नंबरच्या मुलाचा डोळा त्यापुढेही मागच्या बाजूला लांबत राहतो; एका जादा मिलिमीटरला अडीच-तीन नंबर. पांढरं कवच ताणलं जातं, त्याच्या आतला रक्तवाहिन्यांचा थर पातळ होतो, पडदाही ताणला जातो. बुबुळं कितीही फिरवा, ताणलेलं कवच आखडत नाही. लेसर तर डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला नवा आकार देतं. मागचा ताण तसाच राहतो. चष्मा सुटलेल्या माणसाचाही पडदा सुटू शकतो. लांबी २६ मिलिमीटरपुढे गेली की पडद्याच्या मध्यभागाला इजा होण्याचा धोका बराच वाढतो, आणि ती नजर कुठलाच चष्मा परत देत नाही. 'संपलं' म्हणणाऱ्याने हे आईबापांना आधी सांगायला हवं होतं.

मग करायचं काय? पूर्ण नंबरचा चष्मा द्या. थेंब घालून तपासणी करा, डोळ्याची लांबी मोजून घ्या आणि तो आकडा जपून ठेवा. नंबर झपाट्याने वाढत असेल तर कमी मात्रेच्या ॲट्रोपिनबद्दल डॉक्टरांना विचारा. ज्यांना अजून नंबर लागलेला नाही, त्यांना उजेडात खेळू द्या. ग्वांगझूच्या शाळांत रोज ४० मिनिटं जादा बाहेर घालवणाऱ्या मुलांत तीन वर्षांत ३०.४ टक्क्यांना नंबर लागला, इतरांत ३९.५ टक्क्यांना, हे २०१५ साली प्रसिद्ध झालं. गोराईत खाडीकाठ आहे, वसाहतीत मोकळ्या जागा आहेत. त्यांवर गाड्या लावणं आधी थांबवा, आणि क्लासची वेळ अंधार पडल्यानंतरची मागून घ्या.