होल्लोको : ‘काळ थांबलेले’ गाव?

१/ बुडापेस्टच्या ईशान्येस, चेरहाट टेकड्यांच्या कुशीत होल्लोको हे चिमुकले हंगेरियन गाव वसले आहे. ‘काळ थांबलेले गाव’ ही त्याची लोकप्रिय ओळख. ती आकर्षक आहे, पण इतिहासाला धरून नाही. #इतिहास #थ्रेड

२/ गावालगतच्या टेकडीवर किल्ला आहे. १२४१-४२ च्या मंगोल स्वारीने हंगेरी उद्ध्वस्त झाली. त्यानंतर देशभर दगडी किल्ले उभारले गेले; हा त्यांपैकीच एक.

३/ खालची पांढरी घरे मात्र इतकी जुनी नाहीत. इथले पालोत्स लोक घरांसाठी लाकूड वापरत. आगीच्या भीतीने अठराव्या शतकात लाकडी बांधकामास मनाई झाली. गावाने ती जुमानली नाही. आगी लागत राहिल्या. १९०९ च्या आगीने पुन्हा मोठा विध्वंस केला.

४/ तरीही गाव जुन्याच धाटणीने उभे राहिले : दगडी जोते, चुन्याने सारवलेल्या भिंती, लाकडी खांबांची ओसरी. शतकानुशतके टिकले ते बांधकामाचे कसब; भिंती बदलत गेल्या.

५/ त्या रचनेमागे कुटुंबव्यवस्था होती. जमिनीच्या अरुंद पट्ट्यावर पहिली पिढी रस्त्यालगत घर बांधी. पुढच्या पिढ्या त्यामागे क्रमाने आपली घरे जोडत. शेतेही अशीच अरुंद पट्ट्यांची होती.

६/ १९५९ ते १९६१ या काळात हंगेरीत शेतीचे सामूहिकीकरण जवळजवळ पूर्ण झाले. शेतकरी आणि त्याचा पट्टा यांचे नाते सैल झाले. ग्रामीण तरुण कारखान्यांकडे वळले.

७/ १९८७ मध्ये युनेस्कोने होल्लोकोला जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो विसाव्या शतकातील कृषिक्रांतीपूर्वीच्या ग्रामजीवनाचे ‘जिवंत’ उदाहरण म्हणून. वारसाक्षेत्रात घरांसोबत शेतपट्टे, फळबागा आणि द्राक्षमळेही येतात.

८/ आज जुन्या गावातील अनेक घरांत संग्रहालये, अतिथीगृहे आणि कारागिरांची दालने आहेत. पर्यटनाला नावे ठेवणे सोपे आहे. पण त्याच्या उत्पन्नाविना या भिंतींची देखभाल अवघड झाली असती, हेही मान्य करावे लागेल.

९/ प्रश्न उरतो तो ‘जिवंत’ या शब्दाचा. १९०९ नंतर गावकऱ्यांनी घरे बांधली ती स्वतः राहण्यासाठी. म्हणूनच होल्लोकोच्या संवर्धनाचे यश केवळ डागडुजी झालेल्या छपरांवरून मोजणे अपुरे आहे. किती घरांत वर्षभर चूल पेटते आणि किती पट्टे कसले जातात, हाही त्याचा निकष असायला हवा. (समाप्त)