काचपट्टी कोणी वाचायची?

जामखेड या नावाला सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात एक मानाचे स्थान आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने या दुष्काळी तालुक्यात जे काम उभे केले, त्याच्या मुळाशी एक साधा, पण त्या काळी धाडसी वाटणारा विचार होता. वैद्यकीय ज्ञान ही डॉक्टरांची खासगी मिळकत नाही, हा तो विचार. अक्षरओळखही नसलेल्या आणि त्यांतल्या अनेक दलित समाजातून आलेल्या स्त्रियांनी बाळंतिणीची देखभाल, जुलाबाच्या मुलाला साखर-मिठाचे पाणी, कुष्ठरोगी व क्षयरोगी यांचा पाठपुरावा अशी कामे आपल्या हाती घेतली आणि ती नीट करून दाखविली. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर ज्या ‘आशा’ कार्यकर्त्या नेमल्या गेल्या, त्यांच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता.

परंतु या विचाराची एक परीक्षा अजून बाकी आहे आणि ती कर्करोगाच्या निदानात आहे. ताप थर्मामीटरने कळतो. मुलाचे कुपोषण दंडाभोवती फीत गुंडाळून मोजता येते. स्तनात गाठ आहे, एवढे कार्यकर्तीच्या बोटांनाही कळते. ती गाठ निरुपद्रवी की जीवघेणी, हे मात्र हाताला कळत नाही आणि पुष्कळदा नुसत्या डोळ्यांनाही कळत नाही. त्यासाठी त्या गाठीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्या लागतात.

ही क्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण अन्यायाची जागा तिच्या तपशिलातच आहे. बारीक सुईने गाठीतल्या पेशी ओढून घ्यायच्या, काचपट्टीवर पसरायच्या आणि त्यांना रंग द्यायचा. किंवा गाठीचा लहानसा तुकडा काढून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचा, मेणात बसवायचा, चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घ्यायचे आणि मग रंगवायचे. निरोगी पेशींना आकार व शिस्त असते. कर्कपेशीचे केंद्रक मोठे, गडद आणि वेडेवाकडे होते. पेशींचे विभाजन अवेळी आणि अमर्याद चालते. त्या आपल्या थराची हद्द सोडून शेजारच्या ऊतीत शिरतात. हे सारे ओळखायला वर्षानुवर्षे घडविलेली नजर लागते. नमुना घेण्याचे काम काही मिनिटांचे असते आणि तालुक्याच्या गावी ते होऊ शकते. वाचणारी नजर मात्र शहरात असते. मधल्या अंतरात काय काय होते, हे खेड्यातला कोणताही जुना डॉक्टर सांगेल. तुकडा फॉर्मॅलिनऐवजी नुसत्या पाण्यात टाकला जातो आणि नासतो. चिठ्ठीवरचे नाव चुकते. अहवाल येतो तेव्हा बाई ऊसतोडीच्या टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात गेलेली असते. ती सहा महिन्यांनी परत येते, पण गाठ काही तोवर थांबलेली नसते.

ज्ञानाची वाण आपल्याकडे नव्हती. मुंबईत १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले आणि तेथील विकृतिशास्त्राचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या, पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्या बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून आल्या होत्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने दगावलेल्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी प्रथम अखंड वाढविल्या गेल्या, त्या याच प्रयोगशाळेत. पेशी तिच्या, कीर्ती व पैसा इतरांचा, हा जगातल्या वैद्यकशास्त्राचा जुना हिशेब येथेही चुकला नाही. याच रणदिवेबाईंनी पुढे नगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला, ही गोष्ट मात्र त्यांच्या चरित्रात ओझरतीच सांगितली जाते. प्रयोगशाळेतून खेड्याकडे जाण्याची वाट त्यांना ठाऊक होती. संस्थांनी आणि सरकारांनी तिचा राजमार्ग केला नाही, एवढेच.

तरी एका ठिकाणी तो होऊ लागला होता. खर्ड्याच्या पलीकडे भूम आणि परांडा लागतात आणि त्यांच्या पुढे बार्शी. तेथील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने या तीन तालुक्यांतील खेड्यांची कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सुरू केली. ग्रामीण लोकसंख्येची अशी ती देशातली पहिली नोंदणी. गावोगाव जाऊन लक्षणे समजावून सांगितली, तर स्त्रिया लवकरच्या अवस्थेत तपासणीस येतात, हे या नोंदणीने दाखविले. अज्ञान, अंधश्रद्धा, लाज ही नेहमीची कारणे पुढे करून ग्रामीण स्त्रीलाच दोषी धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावयास हवे.

याच परिसरात पुढे एक मोठा प्रयोग झाला. बार्शीचे रुग्णालय, टाटा स्मारक केंद्र आणि फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची पॅप पद्धतीने पेशीतपासणी झाली, दुसऱ्याची गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली, तिसऱ्याची एचपीव्ही या विषाणूची चाचणी झाली. चौथ्या गटाची तपासणी झालीच नाही. त्याला आरोग्यशिक्षण आणि नेहमीच्या सोयी एवढेच मिळाले. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ६४ जणी दगावल्या. विषाणूची एकदाच चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांत ३४. पेशीतपासणीच्या गटात ५४ आणि डोळ्यांनी पाहण्याच्या गटात ५६ मृत्यू झाले. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठरण्याइतका नव्हता.

या आकड्यांचा अर्थ उतावीळपणे लावू नये. पापानिकोलाऊ यांची पेशीतपासणी खोटी ठरली, असा तो नव्हे. श्रीमंत देशांत या तपासणीने असंख्य स्त्रिया वाचल्या, कारण तेथे ती दर काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होते; एका वेळी निसटलेली विकृत पेशी दुसऱ्या वेळी सापडते. जिथे एखाद्या स्त्रीला आयुष्यात एकदाच बोलावणे शक्य आहे, तिथे एकाच काचपट्टीच्या भरवशावर राहता येत नाही. विषाणूची चाचणी अधिक खात्रीची निघाली. या चाचणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांच्या मानाने अन्य दोन पद्धतींत निर्दोष ठरलेल्यांमध्ये कर्करोगाचे प्रमाण पुढे चौपटीहून अधिक आढळले. शिवाय चाचणीचा पहिला टप्पा यंत्राने वाचला जातो. तज्ज्ञाची नजर मग फक्त सदोष ठरलेल्या स्त्रियांसाठी राखून ठेवता येते. दुर्मीळ साधनाचा असा वापर करावा, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातच शिकवितात.

तपासणी न झालेल्या गटाबद्दल वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. तपासणीचा उपयोग जगाला ठाऊक असताना तीस हजारांवर स्त्रियांना तिच्यावाचून ठेवणे नीतीला धरून होते का, असे टीकाकारांनी विचारले. त्या भागात तशीही कोणाची तपासणी होत नव्हती, असे उत्तर मिळाले. उत्तर खरे आहे. पण ते संशोधकांना सोडवते, राज्यकर्त्यांना सोडवत नाही. या स्त्रियांच्या जिवाच्या मोलाने जे ज्ञान मिळाले, त्याचा दाखला आज जगभरची आरोग्यधोरणे देतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली उद्दिष्ट ठरविले, की पस्तिशीत आणि पुन्हा पंचेचाळिशीत मिळून ७० टक्के स्त्रियांची खात्रीशीर चाचणी व्हावी. आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी अशी कोणतीही तपासणी कधी तरी झालेल्या स्त्रिया १.९ टक्के निघाल्या. ज्यांनी जगाला धडा दिला, त्यांच्याच देशाने तो गिरविला नाही. लस आली आहे, हे त्यावर उत्तर नव्हे. लस आजच्या मुलींसाठी आहे, त्यांच्या चाळिशीतल्या आयांसाठी नाही.

निदान नसले की त्याची जागा भीती घेते आणि भीतीला बाजारात गिऱ्हाईक मिळते. जामखेडला लागून असलेल्या बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये गाजले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पांढरे पाणी जाते, पोट दुखते, एवढ्या तक्रारीवर ‘पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले गेल्याचे अनेकींनी सांगितले. मजुरी बुडू नये, मुकादमाची उचल अंगावर राहू नये, म्हणून पंचविशी-तिशीतल्या बायांनी शस्त्रक्रिया पत्करली. ज्या कर्करोगाची भीती घातली, त्याचा पुरावा एका काचपट्टीवर मिळाला असता किंवा नाकारला गेला असता. म्हणजे पेशीची तपासणी गरीब स्त्रीला दोन बाजूंनी राखते: न कळलेल्या रोगापासून आणि नको असलेल्या सुरीपासून. दुसऱ्या बाजूचा उच्चार आपल्या आरोग्यचर्चेत फारसा होत नाही.

केनेथ ॲरो या अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली दाखवून दिले होते, की वैद्यकीय सेवेचा बाजार इतर बाजारांसारखा चालत नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते. आपण या विषमतेवर सरकारी विम्याचा मुलामा दिला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा पैसा मुख्यत्वे रुग्णालयात दाखल झाल्यावर, शस्त्रक्रिया आणि उपचार यांच्या ठरावीक दरांनी मिळतो. त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीची सुई, काचपट्टी, तुकडा, एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा खर्च सहसा रुग्णाच्या पदरचा. कापण्याला पैसा आहे, पाहण्याला नाही. अशा रचनेत पाहणे मागे पडून कापणे वाढले, तर त्यात डॉक्टरांच्या लोभाइतकाच धोरणाचाही वाटा आहे. विकृतितज्ज्ञ खेड्यात येत नाहीत, ही तक्रारही याच रचनेत शोभते. सार्वजनिक पैशावर शिकलेला तज्ज्ञ शहरातल्या खासगी प्रयोगशाळेत बसतो, आणि खेड्यात तिची नुसती नमुने गोळा करणारी खिडकी उघडते.

मागणी अवघड नाही. क्षयाच्या तपासणीसाठी आणि करोनाच्या साथीत जिल्ह्याजिल्ह्यांत जी रेण्वीय चाचणीची यंत्रे आली, त्यांपैकी काहींवर एचपीव्हीची चाचणी होऊ शकते. नमुना स्त्रीला स्वतःच्या हाताने, स्वतःच्या घरी घेता येतो. गावातल्या विश्वासाच्या बाईने तो समजावून दिला की लाजेचा प्रश्न पुष्कळसा सुटतो, आणि अशी बाई जामखेडने पन्नास वर्षांपूर्वीच घडवून दाखविली आहे. सदोष ठरलेल्या स्त्रीचा तुकडा नगरला किंवा बार्शीला पोहोचविणे, ठरलेल्या दिवसांत अहवाल तिच्या हाती देणे आणि ती टोळीबरोबर गेली असेल तर साखर कारखान्याच्या तळावर तिला गाठणे, ही जबाबदारी शासनाची असावी. तातडीचा प्रसंग वगळता, पेशी वा ऊतीच्या तपासणीचा अहवाल जोडल्याशिवाय गर्भाशयाच्या कोणत्याही शस्त्रक्रियेचे बिल सरकारी पैशातून चुकते होऊ नये. काढलेल्या गर्भाशयाचीही तपासणी व्हावी आणि तिची नोंद जिल्ह्यात राहावी. ‘आशा’ कार्यकर्तीला या कामाचा वेगळा मोबदला द्यावा लागेल. आजच्या तुटपुंज्या मानधनात तो गृहीत धरता येणार नाही.