वावर आणि आकडा

बी. ए. नंतर काय, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारीत नाही, कारण बी. ए. पर्यंत आमच्या घरातून आजवर कुणी पोचलेच नव्हते. म्हणून तो मी स्वतःलाच विचारतो. सरकारच्या योजना कशा ठरतात आणि कुणासाठी ठरतात, हे शिकवणाऱ्या लोकधोरण या विषयात एम. ए. करावे असे मनात आहे. चौकशी केली तेव्हा कळले, तिथेही दोन वाटा आहेत. जुन्या वाटेवर राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, कायदा, प्रशासन. नव्या वाटेवर संख्याशास्त्र, संगणक आणि माहितीच्या ढिगातून निष्कर्ष काढण्याची विद्या.

आमचे बहुतेक मित्र जुन्या वाटेचे. ‘आपण कला शाखेचे, गणिताला दहावीतच रामराम ठोकला,’ असे ते म्हणतात. वर ‘आकड्याला माणसाचे दुःख काय कळते?’ हा सवाल आहेच. मीही हेच म्हणत असे. माझे मत बदलले ते एका पावसाने.

मी बारावीत असताना एका रात्री आमच्या शिवारात पावसाने कहर केला. नाला सोयाबीनमधून वाहिला, माती खरडून गेली. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला तर ती अतिवृष्टी, असा नियम. आमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचा आकडा त्याखाली राहिला. मदत मिळाली नाही. बाबा एवढेच म्हणाले, “त्या यंत्राले आपलं वावर दिसते का?”

तेव्हा मला आकड्याचाच राग आला होता. पुढे उमगले, दोष आकड्याचा नव्हे. एका यंत्राच्या आकड्यावर अनेक गावांचा निकाल लावण्याचा आहे. पण हे पटवायचे कसे? बाबांच्या वाक्याने अर्ज मंजूर होत नाही. शेजारच्या मंडळांचा पाऊस, पंचनामे, नुकसानीचे क्षेत्र हे सारे एकत्र मांडावे लागते. ते मला येत नव्हते; गावात कुणालाच येत नव्हते.

विदर्भाला ही गोष्ट नवी नाही. १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. १९८४ च्या अहवालात तिने जिल्ह्यांची राज्याच्या सरासरीशी तुलना करून अनुशेष मोजला. अन्यायाची तक्रार आधीही होती. तिला माप मिळाले ते तेव्हा. मात्र सरासरीत माणूस हरवतो, हेही खरे. आपल्याच जिल्ह्यात घाटाखाली पूर्णेकाठी खारपाणपट्टा आहे. तिथे विहीर खणली तर पाणी खारे लागते. घाटावर चिखली-मेहकरकडे तसे नाही. दोहोंची सरासरी काढली तर ती कुणाच्याच विहिरीत सापडणार नाही.

जुन्या वाटेचे मोल मी नाकारीत नाही. वि. स. पागे यांच्या विचारातून आलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने पक्क्या झालेल्या रोजगार हमी योजनेच्या मुळाशी साधा प्रश्न होता : काम मागणाऱ्याला काम का मिळू नये? असा प्रश्न संगणक आपणहून विचारीत नाही. तो माणसांत वावरूनच सुचतो.

पण मित्रहो, माणसांत वावरणे आपल्याला शिकावे लागत नाही. आपण तिथूनच आलो आहोत. शहरातल्या मुलाने आधी खेडे शिकावे. आपण आकडा शिकावा. म्हणून मी नवी वाट धरणार आहे. प्राध्यापकांना विनंती एवढीच, की कला शाखेच्या मुलांसाठी आठवड्यातून निदान एक तास संख्याशास्त्राचा असावा. आमची भीती तिथेच मोडेल.

गणित कच्चे आहे, फी कुठून आणायची तेही ठाऊक नाही. पण याहून मोठी भीती वेगळीच आहे. उद्या शिकूनसवरून मीच एखाद्या कचेरीत बसेन आणि कुणाचे तरी वावर न पाहता त्याला आकडा लावीन. तसे झाले, तर बाबांचे ते वाक्य मला कुणीतरी जरूर ऐकवावे.