मामाचं कौतुक पुरे, आपण कसले मामा झालो?

साठीची चार माणसं जमली की मामाच्या गावाचं पुराण सुरू होतं. मामा असा होता, मामी तशी होती. सांगणाऱ्याचा गळा दाटतो, ऐकणाऱ्याचे डोळे भरतात. मीही त्यातलाच. पण हल्ली मला या कौतुकाचा राग येतो. का, ते सांगतो.

माझं आजोळ सानपाडा. आज तिथं रेल्वे स्टेशन आहे, टॉवर आहेत. मी सांगतो ते १९७० च्या आसपासचं, वाशीचा खाडीपूलही झाला नव्हता तेव्हाचं. आम्ही पेण तालुक्यातून निघून पनवेलला गाडी बदलायचो, तुर्भ्याला उतरायचो आणि बांधाबांधानं चालत गावात शिरायचो.

मामाची खारजमीन. वर्षाला भाताचं एकच पीक. उधाणात बांध फुटून खारं पाणी शिरलं, की पुढची दोन-तीन वर्षं धड पिकायचं नाही. अशा घरात आम्ही पाच भावंडं महिनाभर ठाण मांडायचो. मामा पहाटे पाग घेऊन खाडीत जायचा. मामी चुलीपुढं तांदळाच्या भाकऱ्या थापायची. "बाला, अजून अर्धी घे," एवढंच तिचं बोलणं. ती स्वतः काय खायची, हे आम्ही एकदाही बघितलं नाही. निघताना सुक्या जवळ्याची पुरचुंडी आणि आईला लुगडं. लुगडं उधारीवर आणलेलं असायचं, हे आईला ठाऊक होतं.

पुढं नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी सरकारनं घेतल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी गेले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंड पदरात पडले. नापिकीची जमीन एकदम सोन्याची झाली.

तेव्हा मामानं आईला बोलावणं धाडलं. म्हणाला, "बाय, कागदावर तुझं बी नाव लागल. जमीन आपल्या बापाची होती, माझ्या एकट्याची नव्हती." लोक त्याला येडा म्हणाले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ मध्ये दिला, देशभर तो २००५ मध्ये आला. मामानं यातला एकही कायदा वाचला नव्हता.

आता माझं ऐका. मी दहावी शिकलेला, कायदा ठाऊक असलेला. वडील गेल्यावर मीच दोघी बहिणींना दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेलं आणि हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या. दोघींना एकेक साडी दिली, मटणाचं जेवण घातलं. धाकटी सही करता करता हसत म्हणाली, "दादा, आता माहेरी यायला मोकळी ना?" मीही हसलो. ती सही माहेर तुटायच्या भीतीनं केलेली होती, हे कळत असून हसलो.

आपण म्हणतो, बहिणीनं राजीखुशीनं दिलं. मग तिनं नाही म्हटलं असतं, तर भाऊबीजेला तिचं ताट वाढलं असतं का? आपण म्हणतो, तिच्या लग्नात खर्च केला. आपलं लग्न काय फुकटात झालं? आपण म्हणतो, आता पूर्वीसारखं परवडत नाही. मामाला परवडत होतं का? त्याच्या कणगीत भात नसायचं, तरी आमच्या ताटात असायचं.

मामाच्या गावाच्या गोष्टी सांगणारा जवळजवळ प्रत्येक पुरुष आज स्वतः कुणाचा तरी मामा आहे. आपली भाचरं आपल्याबद्दल काय सांगतील? माझी भाचरं भाऊबीजेला दोन तासांसाठी येतात, चहा घेतात, घड्याळ बघतात. मी त्यांना दोष देत होतो. त्यांच्या आईची सही त्यांनी वाचली असणार.

गेल्या उन्हाळ्यात मी बक्षीसपत्र करून दोघींचा वाटा परत लिहून दिला. मुलगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. शेजारी म्हणाले, म्हातारा येडा झाला. हाच शब्द सानपाड्यात माझ्या मामालाही लावला होता.

धाकटी यंदा चार दिवस राहिली. सकाळी चुलीपुढं बसून तिनं भाकऱ्या थापल्या. मी तिला उठवलं, म्हटलं, आज तू आधी जेव.