कोबोल सोडू का, मामा?

मागच्या रविवारी पुण्याहून भाच्याचा फोन आला. वय ४१, त्यातली १७ वर्षं कोबोलमधे, एका अमेरिकन विमा कंपनीच्या कामावर. आता साहेब म्हणतात, जावा शिकून नव्या प्रोजेक्टवर जा. इथेच राहिलास तर बढतीचं विचारू नकोस. "मामा, सोडू का कोबोल?" मला विचारलं, कारण आमच्या घरात हा शब्द माहीत असलेला मी एकटाच.

मला तो बँकेमुळे माहीत. रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँकांत हळूहळू मशीनं आली. आमच्या शाखेत आली तेव्हा हेड ऑफिसच्या एका मुलाने मला प्रोग्रॅमचा छापील कागद दाखवला. मी बी.कॉम. झालेला माणूस, पण निम्मा कागद वाचता आला! 'व्याज शिल्लकेत मिळवा' असं सरळ इंग्रजीत लिहिलेलं. १९५९ साली अमेरिकेत ही भाषा ठरवली गेली तीच व्यापारी हिशेबासाठी. पैसे दशांशात मोजते. पुष्कळ नव्या भाषांत नुसते ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहीत, शेपटीला काहीतरी चिकटतं. त्यावर उपाय आहेत म्हणे, पण ते आठवणीने करावे लागतात. लेजरमधे एका पैशाचा फरक शोधत रात्री दहापर्यंत बसलेल्या माणसाला हे सांगून बघा.

पण भाषा चांगली आहे म्हणून तिथेच राहा, असं मी म्हटलं नाही. आमचे आजोबा होळकर दरबारात कारकून, मोडी झरझर लिहायचे. पुढे रामबागेतल्या घराच्या हद्दीचा वाद निघाला तेव्हा घरात तो कागद वाचणारा कोणी उरला नव्हता. वाचक शोधावा लागला, त्याने मागितले तेवढे पैसे दिले. पण असं गिऱ्हाईक त्याला वर्षातून किती येणार? २०२० च्या एप्रिलमधे न्यू जर्सीत बेकारी भत्त्याचे अर्ज एकदम वाढले, तेव्हा तिथल्या गव्हर्नरांनी कोबोलवाले हवेत असं जाहीर आवाहन केलं. कशासाठी? स्वयंसेवक म्हणून! गरज मोठी, किंमत शून्य.

तरी मोडीत आणि कोबोलमधे एक फरक आहे. मोडीतले कागद दप्तरात पडून आहेत, कोबोलचे प्रोग्रॅम रोज रात्री चालतात, आणि त्यांच्या पोटात जुने नियम बसलेत. बचत खात्याचं व्याज पूर्वी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिल्लकेवर मिळायचं. १ एप्रिल २०१० पासून ते रोजच्या शिल्लकेवर झालं. आज एखाद्या पोराला जुन्या प्रोग्रॅममधे तो '१०' चा आकडा दिसला, तर तो का आहे हे त्याला कोण सांगणार? जावा येणारे हजारो मिळतील. ते 'का' सांगणारे थोडे, आणि त्यातले बरेचसे माझ्यासारखे पेन्शनीत.

म्हणून मी त्याला सांगितलं, जावा शीक, पण नव्या प्रोजेक्टवर पोरासोरांच्या रांगेत जाऊन उभा राहू नकोस. तुमच्या कंपनीचं जुनं काम आज ना उद्या नव्यात न्यावंच लागणार, ते काम मागून घे. मोडीचं देवनागरी करणाऱ्याला दोन्ही लिप्या लागतात, आणि मजकूर कळावा लागतो तो वेगळाच. तोपर्यंत विम्याचा एकेक नियम वहीत उतरवून ठेव. साहेब नाही म्हणाले तर मात्र दुसरीकडे बघ, अडून बसू नकोस.

"काम संपलं की मीही संपलो ना, मामा?" त्याने विचारलं. खरं आहे. पण असली कामं ठरल्या मुदतीत संपताना मी तरी पाहिलेली नाहीत. आमच्या शाखेचे लेजर मशीनवर चढवतानाच किती महिने गेले!

धाकटी बहीण माझ्यावर चिडली आहे. म्हणते, दादा, तुझं पेन्शन सुरू आहे, तुला बोलायला काय जातं? त्याचे घराचे हप्ते अजून १२ वर्षं आहेत. तिचंही चूक नाही. आपल्या ग्रुपात कोणाची मुलं-सुना या कामात असतील तर माझं कुठे चुकतंय ते जरूर लिहा. भाच्याला महिनाअखेर उत्तर द्यायचं आहे, आणि तुमचं लिहिलेलं मी बहिणीलाही वाचून दाखवणार आहे.