अमोनियाला तालुक्याची हद्द नसते

कोंबड्यांच्या शेडमध्ये शिरताच जो वायू नाकाला झोंबतो आणि डोळ्यांतून पाणी काढतो, तो अमोनिया. गोठा, शेणखताचा ढीग, कांद्याच्या वाफ्यावर फेकलेला युरिया यांतूनही तो निघतो, त्यामुळे सिन्नर तालुक्यात त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. शेडबाहेर आले की वास जातो आणि त्रास संपला असे वाटते. तो समज चुकीचा आहे.

अमोनिया पाण्यात सहज विरघळतो, म्हणून श्वासातून गेलेला बराचसा वायू नाक-घशाच्या ओल्या अस्तरातच अडकतो. उरलेला मात्र हवेतल्या आम्लांना भेटतो. कोळशाच्या धुरातला सल्फर डायऑक्साइड आणि वाहनांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड यांपासून ही आम्ले बनतात. त्यांच्याशी संयोग होऊन अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. या कणांना झोंबणारा वास नसतो आणि ते थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. दमा, सीओपीडी आणि हृदयविकार त्यांनी बळावतात. वायुरूप अमोनिया बहुधा आसपासच जमिनीवर आणि पिकांवर बसतो. कण मात्र पाऊस नसेल तर काही दिवस हवेत राहून शेकडो किलोमीटर जातात.

नाशिक शहर २०१९च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात आहे. सिन्नर तिथून जेमतेम ३० किलोमीटरवर. शहराचा आराखडा महापालिकेच्या हद्दीत थांबतो, हवा थांबत नाही. वारे ऋतूप्रमाणे दिशा बदलतात, त्यामुळे प्रदूषण देणारा कोण आणि घेणारा कोण, हेही बदलत राहते.

हा हिशेब मांडता येतो. कुठून किती वायू निघतो याची नोंद, वारा, तापमान आणि पाऊस संगणकात घालायचे. मग एका भागाचे उत्सर्जन कागदावर थोडे कमी करून शेजारच्या भागातले कण किती घटतात ते पाहायचे. युरोपात अशाच प्रतिमानांच्या आधारे १९९९च्या गोथेनबर्ग करारात प्रत्येक देशाला अमोनियाची मर्यादा ठरवून दिली गेली. देशांना जे जमले, ते एका जिल्ह्यातल्या शहराला आणि तालुक्यांना जमायला हरकत नाही.

यात शेतकऱ्याला आरोपी करण्याचे कारण नाही. चिमणीतले आणि डिझेलचे आम्ल नसेल, तर नुसत्या अमोनियाचे असे कण होत नाहीत. पण त्याच्याही हाती उपाय आहेत: माती परीक्षणानुसार युरिया, तो मातीआड करणे किंवा लगेच पाणी देणे, कोंबडीखत झाकून ठेवणे. उडून जाणारा नत्र शेवटी त्याच्याच पैशाचा असतो.

आपल्याकडे २००९च्या मानकांत अमोनियाची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम आहे, तर अडीच मायक्रॉनपर्यंतच्या कणांची ६०. वायू मर्यादेत आहे म्हणून कणही मर्यादेत असतील असे नाही. म्हणून माळेगाव-मुसळगावचे कारखाने, महामार्ग, पोल्ट्री आणि शेते यांची जिल्ह्यात एकच नोंदवही हवी, आणि नाशिकच्या हवेचा आराखडा करताना सिन्नरला बैठकीत बोलवायला हवे.