टॉल आणि हाय

परवा सुरतेला भाच्याकडे गेलो होतो. त्याची चौथीतली लेक गृहपाठ करीत बसली होती. "आजोबा, टॉल म्हणजे उंच आणि हाय म्हणजेही उंचच ना?" मी "हो" म्हणून मोकळा झालो, पण मनाला काही ते पटेना.

कारण माणूस टॉल असतो, हाय नसतो. झाड टॉल, मनोरा टॉल; पण भिंतीवरचे फळकूट हाय. ढोबळमानाने सांगायचे तर टॉल हे पायापासून डोक्यापर्यंतचे माप आणि हाय हे जमिनीपासून वा समुद्रापासून किती वर, याचे. मराठीत दोहोंना 'उंच' हा एकच शब्द. मात्र उलट शब्द विचारून पाहा. उंच माणसाच्या उलट ठेंगणा, उंच जागेच्या उलट सखल! म्हणजे भाषेला फरक ठाऊक आहे, विसरतो ते आपण.

हा विसर महागात पडू शकतो. सुरतेच्या वरच्या अंगाला तापीवर उकाई धरण आहे. त्याची उंची सुमारे ८१ मीटर. धरण पूर्ण भरले की पाण्याची पातळी असते ३४५ फूट, म्हणजे सुमारे १०५ मीटर. मग काय पाणी धरणाच्या डोक्यावरून जाते? नाही. ८१ मीटर मोजलेत धरणाच्या पायापासून, १०५ मोजलेत समुद्रसपाटीपासून. बातमीत दोन्हींना सर्रास 'उंची' म्हटले की वाचकाचा गोंधळ ठरलेलाच.

भाच्याचे घर अडाजणला, दहाव्या मजल्यावर. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून प्रचंड पाणी सोडावे लागले आणि बहुतेक सुरत बुडाली. अडाजणही बुडाले. वरच्या मजल्यांवरची माणसे कोरडी राहिली, पण दूध, पाणी, विजेविना अडकून पडली. इमारती टॉल होत्या, जागा हाय नव्हती!

हे सुरतेचे झाले, आपले काय? भरतीच्या पातळीखालची खाजने आपल्या पूर्वजांनी बांध घालून, मानशी बसवून राखली. जागा सखल आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते. आज तिथेच मातीचा भराव टाकून इमारती उभारायची घाई चालते. जाहिरातीत मजल्यांचा आकडा ठळक असतो, जमीन समुद्रसपाटीपासून किती वर आहे याचा उल्लेखही नसतो.

म्हणून माझे म्हणणे एवढेच, की धरणाची 'उंची' आणि पाण्याची 'पातळी' हे दोन शब्द वर्तमानपत्रांनी वेगळे ठेवावेत, शाळेत ते वेगळे शिकवावेत. आणि फ्लॅट घेताना आपण बिल्डरला मजले विचारण्याआधी जागेची पातळी विचारावी.

निघताना नातीला म्हटले, "बाय, माझे उत्तर चुकले. तुझी इमारत टॉल आहे, पण हाय नाही." ती म्हणाली, "मग पाऊस पडला की?" या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते.